हरकत राखून

सेलूकर सरांच्या हातात कुठलाही छापील कागद पडला की ते आधी तो उलटा करायचे. पुढच्या बाजूला काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं, त्यांना मागची बारीक अक्षरं हवी असायची. एकदा आरटीसी क्रॉस रोडजवळच्या ड्रायक्लीनरकडे मी माझी साडी घ्यायला थांबले, सर सोबत होते. पावतीच्या मागे लिहिलं होतं, कपडा हरवल्यास दुकान जबाबदार नाही. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या माणसाला विचारलं, "कपडा गुमाना तुम, और जिम्मेदार हम? ये किने लिखा?"

"हम नै लिखे साब, छापके आता."

"सब छापकेइच आता मियाँ," सर म्हणाले. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून ते वाक्य पावतीवर खोडलं, खाली तारीख घातली आणि सही केली. साडी माझी, पावती माझी, सही यांची. ड्रायक्लीनर माझ्याकडे असा बघत होता की पुढे सहा महिने मी त्या गल्लीत फिरकले नाही.

आमचं ऑफिस सिकंदराबादला, हार्डवेअरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होतं. नोकरी, धंदा आणि माणसांची खासगी माहिती यांबद्दलच्या कायद्यांत काय नवीन घडलं ते दर आठवड्याला एका पत्रकातून कंपन्यांना कळवायचं, हा आमचा धंदा. कोर्टाने काय म्हटलं, सरकारने कुठला नियम बदलला, या बातम्या आम्ही चारपाच जण लिहायचो. त्याखालचं भाष्य सेलूकर सर लिहायचे आणि लोक पत्रक घ्यायचे ते त्या भाष्यासाठी. पत्रक इंग्रजीत. भांडणं मात्र तेलुगूत, दखनीत, आणि सर नि मी समोरासमोर असलो की मराठीत.

सरांचे आजोबा निजामाच्या काळात सेलूहून इथे वकिली करायला आले. वडील सरकारी कचेरीत होते. सरही कायदा शिकले, पण कोर्टात कधी उभे राहिले नाहीत. "माझा आवाज चढत नाही गं," ते सांगायचे, "आणि आवाज न चढणाऱ्या वकिलाला अशील दुसऱ्यांदा येत नाही." मग ते लिहायला लागले. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन्सिल, डब्यात रोज ज्वारीची भाकरी. पत्रकातल्या वाचकांच्या प्रश्नांनाही तेच उत्तरं द्यायचे आणि त्यांचं उत्तर कधीच 'हो' किंवा 'नाही' असं सुरू व्हायचं नाही. 'हे अवलंबून आहे' असं सुरू व्हायचं. आमच्यात ते इतकं रुळलं होतं की चहा घेणार का असं विचारलं तरी कोणीतरी 'अवलंबून आहे' म्हणायचं. सर हसायचे नाहीत. "कशावर ते सांग," म्हणायचे.

मी तिथे लागले त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "परभणीकडचीच दिसायलीस. नेमणुकीच्या कागदावर सही केलीस?"

"केली सर."

"वाचलास?"

त्यांनी माझी प्रत मागून घेतली आणि दुपारी परत दिली तेव्हा तिच्यावर ठिकठिकाणी पेन्सिलीच्या खुणा होत्या. काय बांधून घेतलंय, काय नुसतंच घाबरवायला लिहिलंय, कशाला कोर्टात किंमत नाही, सगळं समासात बारीक अक्षरात. माझा संताप झाला होता. वाचलं असतं तर काय फरक पडला असता, सही तर करावीच लागली असती, असं मी फटकन बोलले. ते म्हणाले, "फरक एवढाच पडतो की आपण कुठं उभे आहोत ते माहीत असतं." तेव्हा मला ते पोकळ वाटलं होतं.

सरांचा खरा मंत्र मला कळला तो यादगिरीच्या भानगडीत. यादगिरी आमच्या जुन्या मालकांचा ड्रायव्हर. एका सकाळी गाडी वेळेवर आली नाही म्हणून मॅनेजरने त्याला ताकिदीचं पत्र काढलं. यादगिरी पत्र हातातच घेईना. घेतलं म्हणजे चूक कबूल केली, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मॅनेजर म्हणे, घेतलं नाहीस तर दुसरं काढतो. जिन्यात हा तमाशा चाललेला आणि सर भाकरीचा हात पुसत बाहेर आले.

"ले लो यादगिरी," ते म्हणाले. "लेना मना नक्को करो. लेके नीचे लिखो, अंडर प्रोटेस्ट."

"वो क्या होता सार?"

"कागज मिला, बात मंजूर नै. हरकत राखून घेतलं." शेवटचं मराठीत, माझ्याकडे बघून.

यादगिरीने तेलुगूत आपलं नाव लिहिलं आणि सरांनी काढून दिलेली इंग्रजी अक्षरं खाली चित्र काढावं तशी काढली. त्या दोन शब्दांमुळे पत्र मालकांपर्यंत गेलं, मालकांनी विचारलं, हरकत कसली? तेव्हा बाहेर आलं की गाडी त्या सकाळी मॅनेजरनेच गॅरेजला पाठवली होती आणि विसरला होता. मालक म्हणाले, फाडून टाका ते पत्र. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात, तर सर आडवे आले. फाडायचं नाही म्हणे. फायलीतून पान काढायचं नसतं. एकदा काढायची सवय लागली की उद्या आपलं पानही कोणी काढेल. पान घालायचं. मालकांनी दुसरं पत्र लिहावं की यादगिरीची चूक नव्हती, आणि ते पहिल्याच्या वर लावावं. पुढे कोणी फाइल उघडली तर त्याला दोन्ही दिसतील. यादगिरीला हे काही पटलं नाही, त्याला फाडलेलं बघायचं होतं. पण त्या दिवसापासून ऑफिसातला प्रत्येक जण, ताकीद असो की दिवाळीची मिठाई, सहीखाली 'अंडर प्रोटेस्ट' लिहायला लागला. मिठाईच्या यादीवर मीही लिहिलं होतं, सोनपापडी होती म्हणून.

चिक्कडपल्लीला त्यांचा पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. त्यांच्या पत्नी मालतीबाई मराठी शाळेत शिकवायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं मराठी तीन वाक्यांत दोनदा दुरुस्त केलं. "इथल्या पोरी 'मी आली' म्हणतात, तू तरी नको म्हणू," असं दटावलं आणि वर पोह्यांवर ओलं खोबरं घातलं. ठसठशीत कुंकू, काठापदराची साडी, घरातसुद्धा केस चापूनचोपून. सर त्यांच्यापुढे अगदी मवाळ. "तुमचं ते अवलंबून आहे ऑफिसात," त्या म्हणायच्या, "इथं हो की नाही ते बोला."

नंतर मालतीबाईंना विसर पडायला लागला. आधी नावं, मग वाटा, मग दिवस की रात्र. शेवटी शेवटी त्यांना अंगावर कपडे का असतात तेच कळेनासं झालं. लेक लांब परदेशात. ठेवलेल्या बाया टिकत नव्हत्या. जुने मालक भले होते. सरांचं निवृत्तीचं वय उलटलं तरी त्यांनी सरांना हजेरीपटावर ठेवलं आणि घरून काम करा म्हणाले. हजेरीपटावर असणं महत्त्वाचं होतं, कारण कंपनीच्या विम्यात मालतीबाई बसत होत्या. त्यांची औषधं, तपासण्या, अधूनमधून दवाखान्यात ठेवणं, सगळं त्या विम्यावर चालायचं. या वयात, हा आजार घेऊन, बाहेर कुठलीच कंपनी त्यांना दारात उभं करणार नव्हती. सरांनी सगळ्यांच्या अटी वाचल्या होत्या. मागच्या बाजूच्यासुद्धा.

मग मालक थकले आणि त्यांनी ऑफिस एका मोठ्या कंपनीला विकलं. नव्या लोकांनी आम्हाला माधापूरच्या काचेच्या इमारतीत नेलं आणि मला बढती देऊन पत्रकाची प्रमुख केलं. मी कुकटपल्लीहून मेट्रोने जायचे आणि वाटभर आनंदात असायचे, ते कबूल केलं पाहिजे.

पहिल्याच महिन्यात फतवा आला. घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम बसणार. दर दहा मिनिटांनी तो कॅमेऱ्यातून एक फोटो काढणार, माणूस खुर्चीत आहे की नाही ते बघायला. मान्य नसेल त्याने रोज ऑफिसात यावं. सक्ती नाही, संमतीने.

लॅपटॉप घेऊन सर स्वतः माधापूरला आले. मालतीबाईंना दोन तास शेजारणीकडे बसवून आले होते. कॉम्प्युटर विभागातला प्रणीत त्यांना दाखवत होता. पडद्यावर सतरा पानांचा मजकूर, सगळ्यात खाली एक निळं बटण, 'मी सहमत आहे'. सर सतरा पानं वाचत बसले. प्रणीत माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. वाचून झाल्यावर सर म्हणाले, "करता मैं क्लिक. नीचे लिखना किधर?"

"क्या लिखना सार?"

"अंडर प्रोटेस्ट."

"लिखने का आप्शन नै है सार. बस क्लिक मारना."

"कागज पे सही लेलो, मैं लिखके देता."

"कागज नै लेते सार अब."

सर बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्या माणसाने लोकांना सहीखालची जागा दाखवली, त्याच्यापुढे जागाच नसलेला कागद आला होता. मी तिथेच उभी होते. प्रमुख होते. काहीतरी बोलायला हवं होतं आणि मी पाण्याची बाटली उघडून पाणी प्यायले. सरांनी क्लिक केलं.

त्या आठवड्याचं त्यांचं भाष्य संमतीवर होतं. माणसाची माहिती घेताना त्याची संमती मोकळी असावी लागते, असं कायदा म्हणतो. पण 'नाही' म्हटलं की जिथे ताटातला घास जातो, तिथल्या 'हो'ला मोकळं म्हणायचं का? मालकाला नोकरीच्या कामापुरती माहिती घ्यायची मोकळीक आहे, पण माणूस घरी बसून काम करतो तेव्हा त्याच्या घराच्या भिंती कामात मोडतात का? शेवटी त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, हे अवलंबून आहे. नव्या साहेबांनी सगळ्यांना मेल पाठवून त्या लेखाची वाहवा केली. अशा लेखांमुळेच आपल्यावर कंपन्यांचा विश्वास आहे म्हणे. हा लेख कोणाबद्दल आहे हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. आमच्या धंद्यात हे फार चालतं. कायदा कायम दुसऱ्या कंपनीला लागू असतो.

"सर, केस करा ना," मी फोनवर म्हणाले.

"करता येईल की. जिंकूही कदाचित. तोवर नोकरी जाईल, नोकरी गेली की विमा गेला. मालतीला मी काय, निकालाची प्रत पाजू?" मग म्हणाले, "तू नको परेशान होऊ. मी जागा शोधलीय."

कसली जागा ते दुसऱ्या दिवशी कळलं. घरून काम करणाऱ्यांचे फोटो रोज संध्याकाळी माझ्या पडद्यावर यायचे, चौकोनी, लहान लहान, रांगेने. मी ते बघून खाली 'पाहिले' असं बटण दाबायचं, ही माझ्या बढतीतली एक जबाबदारी. सरांच्या पहिल्याच फोटोत ते इस्त्रीच्या शर्टात ताठ बसलेले होते आणि मागच्या भिंतीवर, बरोबर डोक्याच्या वर, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून एक पांढरा कागद डकवलेला होता. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'अंडर प्रोटेस्ट'.

मी एकटीच खळखळून हसले. दर दहा मिनिटांनी, दिवसभर, कंपनी स्वतःच्या हाताने त्यांची हरकत नोंदवून घेत होती. वरून कोणी विचारलं तर काय सांगायचं याची मी तयारी करून ठेवली. वर्षभर कोणी विचारलं नाही. कोणी बघतच नव्हतं, माझ्याशिवाय.

आणि त्यांची जी धडपड चालायची, तीही मलाच दिसायची. टेबल त्यांनी कोपऱ्यात ओढलं होतं, म्हणजे कॅमेऱ्यात भिंत तेवढी यावी, आतली खोली येऊ नये. दाराला चादर लावली होती. तरी एखाद्या फोटोत त्यांचा एक हात चौकटीबाहेर कोणाला तरी धरून असायचा. एखाद्यात ते मान वळवून काहीतरी समजावत असायचे. रिकाम्या खुर्चीचे फोटो वाढले की प्रोग्राम लाल खूण करायचा, आणि लाल खुणा वाढल्या की मला त्यांना मेल पाठवावा लागायचा. मी पाठवायचे. दोन ओळींचा मेल लिहायला मला अर्धा तास लागायचा, पण पाठवायचे. माझ्या घराचे हप्ते होते, आणि मेल गेला नाही तर वर माझ्या नावापुढे लाल खूण पडायची. सरांचं उत्तर यायचं, 'मिळाला. हरकत राखून.'

एका दुपारचा तो फोटो. चादर निघालेली होती. मालतीबाई न्हाणीघरातून तशाच बाहेर आल्या होत्या, ओले केस सुटलेले, अंगावर काही नाही, चेहऱ्यावर लहान मुलाचं भांबावलेपण. आणि सर अर्धवट उठलेले, दोन्ही हात पसरून त्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये जायला निघालेले. पोचलेले नाहीत. कॅमेरा त्यांच्या आधी पोचला होता.

मी पडदा मिटला. थोड्या वेळाने सरांचा फोन आला.

"तू बघितलास?"

"काय सर? नाही, आज बघायचेत अजून," मी म्हणाले.

खोटं त्यांना माझ्या पहिल्या शब्दातच कळलं असणार. मग म्हणाले, "मालतीला पंचेचाळीस वर्षांत मी सोडून कोणी विस्कटलेल्या केसांनी बघितलं नाही गं. एवढं एक काढून टाकायला सांग." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला होता, आणि तोही चढून फाटला.

पान काढायचं नसतं असं सांगणारा माणूस पान काढा म्हणून विनवत होता. मी सांगितलं, लेखी मागितलं, साहेबांच्या खोलीत जाऊन बोलले. त्यांनीही रीतसर अर्ज केला. कायद्याने माणसाला आपली माहिती पुसायला सांगायचा हक्क आहे, तो कोणत्या कलमात आहे, सगळं घालून. उत्तर आलं की फोटो ठरलेल्या मुदतीपर्यंत राहतात, मधला एक काढायची सोय प्रोग्राममध्ये नाही. तरी काळजी नसावी, हे फोटो सहसा कोणी बघत नाही. रोज संध्याकाळी 'पाहिले' दाबणारी मी ते उत्तर त्यांना वाचून दाखवलं.

"काढता येत नाही म्हणतात तर," सर म्हणाले. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता. "बरं. मग पान घालावं लागंल."

मला वाटलं, आणखी एक अर्ज करणार. त्याऐवजी आठ दिवसांनी त्यांचा राजीनामा आला, दोन ओळींचा, कारण न दिलेला. मी घाबरून फोन केला. "सर, विमा?"

"सरकारी दवाखान्यात नंबर लावलाय. सकाळी सहाला जाऊन रांगेत बसायचं. औषधं सगळी नाही मिळायची, निम्मी मिळतील. मी अटी वाचल्यात," ते म्हणाले. "त्या कॅमेऱ्याच्या तावडीत मात्र मालतीला आता नाही ठेवायचं. नोकरी आता माझ्या मर्जीनं सोडू दे." मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग महिनाभरात राहिलेली तीन भाष्यं कधी पाठवू ते विचारलं.

त्यांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीसारखे फोटो उघडले. सकाळपासूनची रांग तीच, इस्त्रीचा शर्ट, मागे कागद. सव्वापाचपर्यंत तसंच. मग तीन रिकाम्या खुर्च्या, तीन लाल खुणा. आणि सर्वांत शेवटचा, पुढे कोणी फाइल उघडली तर सगळ्यांत वर दिसणारा, सहाला दहा मिनिटं असतानाचा.

खुर्चीत मालतीबाई बसल्या होत्या. काठापदराची हिरवी साडी, खांद्यावर नीट पिन लावलेली. केस चापूनचोपून मागे बांधलेले, भांग किंचित वाकडा, तो सरांच्या हाताचा. कपाळावर ठसठशीत कुंकू. वर्गात गडबड झाल्यावर बघत असतील तशा त्या थेट कॅमेऱ्याकडे बघत होत्या. मागे सर उभे, एक हात खुर्चीच्या पाठीवर, लग्नानंतर स्टुडिओत जाऊन फोटो काढायचे तसे.

मी तो मोठा करून पाहिला. मागची भिंत मोकळी होती. कागद नव्हता. चार कोपऱ्यांच्या जागी चिकटपट्टीचे चार डाग तेवढे राहिले होते.